शनिवारची पैज

(बालाघाट येथे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘बालकला आणि भाषा’. मी कलाशिक्षक नाही. या जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे हिंदीतून शिकवलं, घरी मराठी बोलले, आणि माझ्यासमोर बसलेली बहुतेक मुलं या दोन्हींपैकी एकही भाषा घरी बोलत नव्हती. कुणाकडे पोवारी, कुणाकडे मरारी, बैहरकडून आलेल्यांकडे गोंडी. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, भंडारा-नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. वैनगंगा मात्र पूर्वीसारखीच इकडून तिकडे वाहते. धानाच्या बांधीला बांधीच म्हणतात, तिकडेही आणि इकडेही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी मुलांना ‘क्राफ्ट’ करून आणायला सांगितलं. थर्माकोलची पाटी, चमकीचा कागद, गोंदाची बाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात अकरा मुलं आली नाहीत. मला वाटलं, ताप असेल. पावसाळ्याचे दिवस होते. रविवारी बाजारात एका मुलीची आजी भेटली. म्हणाली, ‘‘बाई, पोरीले चमकीचा कागद पायजे होता, म्हणून नाही धाडली.’’ एवढंच बोलून ती भाजीकडे वळली. कागद त्या वेळी फार तर रुपया-दोन रुपयांचा असेल. माझ्या डोक्यातली कला रुपयाला मिळत होती आणि त्यासाठी अकरा मुलं घरी बसली होती.

तेव्हापासून शनिवारच्या बालसभेत आम्ही पैज लावू लागलो. अटी तीनच. दुकानात जायचं नाही. झाडाचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. आणि करून झालं की उभं राहून सांगायचं, कशाचं केलं आणि कसं केलं. तिसरी अट मी सहज घातली होती. पुढे तीच सगळ्यांत जड निघाली, त्याकडे येतेच.

ही काही माझी अक्कल नव्हे. आपल्यापैकी जे विदर्भाच्या वळणात वाढले त्यांना चाकोल्या आठवत असतील. होळीच्या पंधरा दिवस आधीपासून पोरं शेण गोळा करायची, कालवून त्याचे चंद्र, सूर्य, बाण, चकत्या करायची, मधे बोटानं भोक पाडायची. जाड झाली तर तडकते, पातळ झाली तर दोरीत ओवताना तुटते. रोज उलटायची, नाहीतर खालून ओलीच राहते. ज्याची माळ लांब त्याचा मान. यात शिकवायला कुणी बसलेलं नव्हतं. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला हेच तर शास्त्रशुद्ध करून दाखवलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? त्यांनी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले घेतले आणि बालवाडी चालवली. आपल्या मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांतून विज्ञान शिकवण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात अरविंद गुप्ता १९७८ मध्ये आले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. आता सरकारनंही ‘जादुई पिटारा’ काढला आहे. पेटी छान आहे. फक्त ती कपाटात कुलूप लावून ठेवू नये, एवढी विनंती.

पहिली पैज सुपाची होती. घरातलं सूप आणायचं, त्यात घरातल्याच धान्यानं चेहरा काढायचा. गोंद नाही. तांदूळ, कोंडा, लाखोळीची डाळ, जवस, मोहाच्या बिया. मुलांनी डोळे, मिशा, कुंकू, नथी केल्या. एकानं आजोबांचा पडलेला दात जागा रिकामी ठेवून दाखवला. शेवटी सगळ्यांनी निवडून, पाखडून धान्य परत पुड्यांत भरलं आणि घरी नेलं. चित्र उरलं नाही. हेडमास्तरांना ते आवडलं नाही. त्यांना भिंतीवर लावायला काहीतरी हवं होतं. पण त्या धान्याची घरी भाजी-भात व्हायची होती. म्हणूनच ‘टाकाऊतून टिकाऊ’ किंवा आपल्याकडचं ‘कबाड से जुगाड’ हे शब्द मला पटत नाहीत. कोंडा टाकाऊ नाही, तो जनावरांना जातो. शेण टाकाऊ नाही. शेतकऱ्याच्या घरात टाकाऊ फार थोडं असतं, आणि ते बहुधा बाजारातूनच आलेलं असतं.

सगळ्यांत रंगलेली पैज रंगांची. फाल्गुनात लावली: घरातून आणि वाटेवरून पाच रंग आणा. कोळसा आला, गेरू आला, घर सारवायची पांढरी माती आली. पळसाची पडलेली फुलं उकळून केशरी पाणी आलं. भरवेलीच्या खाणीत ज्याचे वडील कामाला, त्या मुलानं मँगनीजचा एक काळा दगड आणला. तो दिसायला जड आणि कठीण, पण कागदावर ओढला की काळी रेघ येते आणि बोटं काजळासारखी होतात. मी त्याला आधी हात धुवायला लावले, मग शाबासकी दिली. आणि हात धुण्यावरूनच खरी गंमत झाली. एका मुलीनं हळदीत कागद रंगवला होता. साबणाचे ओले हात तिनं कागदाला लावले आणि पिवळ्यावर पाच लाल बोटं उमटली. ती घाबरली. तिला वाटलं, रक्त आलं. मग सगळा वर्ग साबण घेऊन तुटून पडला. पुढच्या शनिवारी कुणीतरी चुन्याची निवळी आणली, ती तर साबणाहून झटकन लाल करते. घरी पान खाणारी आजी असली की मुलांना रसायनशास्त्र फुकट मिळतं. त्यावर चिंचेचं पाणी शिंपडलं की लाल पुन्हा पिवळं. हळदीच्या वाळलेल्या कागदावर निवळीनं लिहायचं आणि चिंचेनं पुसायचं, हा खेळ महिनाभर चालला. एकीच्या आईनं सांगितलं, आमच्याकडे कुंकू असंच करायचे, हळद आणि चुना. तो शब्द, ती कृती, ती आई, सगळी वर्गात आली. पालकसभेला ती बाई कधी आली नव्हती.

आता तणसीची गोष्ट. ती सांगायचीच नव्हती, पण विषयात ‘भाषा’ आहे म्हणून सांगते.

मळणी झाल्यावरची पैज होती: नुसत्या तणसीचं जनावर करायचं, आणि ते टेकू न देता उभं राहिलं पाहिजे. बहुतेकांचे बैल कोलमडले. वाळकी तणीस वाकवली की मोडते, चार पाय सारखे होत नाहीत, एक लटकतोच. मागच्या बाकावरचा एक मुलगा होता, जूनपासून वर्गात क्वचितच तोंड उघडलेला. त्याचा बैल उभा होता. त्यानं तणीस अर्धा तास पाण्यात ठेवून दोरीसारखी पिळली होती, पुढचे दोन पाय वेगळे आणि मागच्या दोन पायांची मिळून एकच जाड जुडी केली होती. उभा राहून तो सांगू लागला. चूल तीन दगडांवर असते, तशी ही तीन पायांवर. आणि म्हणाला, ‘‘तणीस को पहले भिगाना पड़ता।’’

मी म्हणाले, ‘‘बेटा, तणीस नहीं, पुआल।’’ आणि फळ्यावर लिहिलंसुद्धा, पुआल.

तो बसला. बाकीचं सांगणं राहिलं: गाठ कशी मारली, शेपूट कशी केली. पुढे मी विचारलं, तर मान हलवायचा. त्या वर्षी तो माझ्या वर्गात पुन्हा उभा राहून बोलला नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाळेत गेला. मला पुष्कळ दिवस वाटत होतं की मी तर त्याला एक शब्द दिला. आज वाटतं, मी त्याच्या हातातून बैल काढून घेतला. भिजवलेली, पिळलेली, बोटांना माहीत असलेली ती वस्तू ‘तणीस’ होती. ‘पुआल’ पुस्तकात होतं.

हा दोष केवळ हिंदीचा म्हणून आपण मराठीवाल्यांनी खूश व्हावं, असं मात्र नाही. काही वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीनं मराठी निबंधस्पर्धेत भाग घेतला. घरच्या गोठ्याविषयी लिहिलं होतं, आणि छान लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा ‘तणीस’वर लाल रेघ होती आणि वर लिहिलं होतं ‘पेंढा’. ‘सांदवाडी’खाली रेघ, वर ‘परसबाग’. आता सांदवाडीत उकिरडा असतो, शेवग्याचं झाड असतं, भांडी घासायची जागा असते. तिला परसबाग म्हटलं की तिथं गुलाब लावावे लागतील. आणि तणस हा शब्द तर मराठीच्या जुन्या कोशात बसलेला आहे. एका वस्तूला एकीकडून पुआल करून दुरुस्त केलं, दुसरीकडून पेंढा करून. ती मुलगी पुढच्या स्पर्धेला आली नाही. दोष कुणा एकाचा सांगत नाही. लाल पेन माझ्याही हातात होतंच.

त्यानंतर मी एक जाड वही ठेवली. पैज झाली की मुलं त्यात वस्तूचं नाव लिहायची, आपापल्या घरचं. एका पानावर तणीस, पैरा, पुआल, पेंढा अशी चारही नावं आहेत, चार वेगवेगळ्या अक्षरांत. खोडलेलं एकही नाही. खराट्याला नऊ घरांत कोणकोणतं नाव आहे तेही त्यात आहे. काही नावं मी स्वतः पहिल्यांदा ऐकली, आणि ती कशी लिहायची यावर मुलांशी वाद घातला. त्यात मी बहुधा हरले. गोंडी बोलणाऱ्या एका मुलीनं सांगितलेला शब्द तीन वेळा लिहून तीन वेळा खोडला, कारण देवनागरीत तो तिला पटेना. शेवटी तिनं शब्दाच्या जागी वस्तूचं चित्र काढलं. खोडाखोडीचं तेवढं एकच पान.

इथे लेखक बसले आहेत, म्हणून एक मागणं. कोशासाठी, कथेसाठी शब्द हवे असतील तर मुलांना ‘तुमच्या बोलीतले शब्द सांगा’ असं विचारू नका. ती गप्प बसतात, किंवा तुम्हाला आवडेल असं काहीतरी सांगतात. त्यांच्या हातात काहीतरी द्या. हात कामात गुंतला की तोंडातून घरचा शब्द आपोआप पडतो, आणि त्याच्यामागून क्रियापदं येतात. पिळणं, वळणं, गुंफणं, खोचणं, आवळणं. नामं कुणीही गोळा करतं. क्रियापदं हात चालत असतानाच मिळतात. पत्रावळ लावणाऱ्या बाईला काडी टोचतानाच विचारा, चहा पिताना नको.

माझा वेळ संपत आला, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. बाहेर दाराशी मी दोन टोपल्या तणीस आणि एक बादली पाणी ठेवलं आहे. माझ्या भाच्याच्या खळ्यातून आणली आहे. त्याच्या म्हशीचा तिच्यावर हक्क आहे, म्हणून संध्याकाळी सगळी परत हवी. जेवणाच्या सुटीत प्रत्येकानं मूठभर घ्यावी. अर्धा तास भिजू द्यावी. जनावर कुठलंही करा, पण ते टेकू न देता उभं राहिलं पाहिजे, आणि केल्यावर शेजारच्याला सांगायचं, तुमच्या घरी हिला काय म्हणतात. वही टेबलावर उघडी आहे. लाल पेन मी आणलेलं नाही.