धारणीची असून जाडी?

इअरफोन लावलेत ना? आज विषय माझ्या वजनाचा.

मी धारणीची, म्हणजे मेळघाटातली. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहिते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, "मेळघाट? तिथं तर कुपोषण असतं ना? मग तू अशी कशी?" सगळे हसले. मीपण हसले. रात्री जेवले नाही.

दोष त्याचा अर्धाच. मेळघाटची बातमी म्हटली की टीव्हीवर फासळ्या दिसणारं लेकरू, चेहऱ्यासकट. लठ्ठपणाची बातमी म्हटली की रस्त्याने चालणारं एक पोट, मान वरून कापलेली. ब्रिटनच्या शार्लट कूपर यांनी २००७ मध्ये अशा फोटोंना 'हेडलेस फॅटी' म्हटलं होतं. चेहरा कापला की ओळख लपते म्हणे. अरे, आपलं पोट आपल्याला ओळखू येतं ना!

आणि आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर पाच बायांमागे साधारण एक कमी वजनाची, आणि जास्त वजनाच्या त्याहून थोड्या जास्तच. दोघी एकाच राज्यात राहतात.

माझी आजी म्हणायची, "चांगली भरली वं पोरगी!" तिने उपाशी दिवस काढले होते. अंगावर मांस म्हणजे घरात दाणे, एवढा साधा हिशोब. तेच अंग पुण्यात आळशी ठरलं.

मराठीत काही चांगलं आलंच नाही असं नाही. २०१६ च्या 'वजनदार'साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी खरंच वजन वाढवलं. कौतुक झालं, वाढवल्याचं आणि नंतर उतरवल्याचंही! २०२० मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली' आली, अक्षया नाईकची लतिका. आई रोज बघायची. लतिकाला कोणी टोमणा मारला की टीव्हीला शिव्या द्यायची. जाहिरात लागली की मला, "एक पोई कमी खात जाय वं."

वजनाने शुगर, बीपी वाढू शकतं, ते मी नाकारत नाही. पण गेल्या वर्षी मला सारखा थकवा यायचा. एका डॉक्टरांनी मला नुसतं बघून सांगितलं, आधी दहा किलो उतरवा. सहा महिने मी लाजेने दुसरीकडे गेलेच नाही. शेवटी गेले, तिथं रक्त तपासलं. थायरॉईड निघाला.

आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे पोईचं नव्हतं काय मंग?"

म्हटलं, "थोडं पोईचंपण असेल, आई."