दुष्काळांतील गुरें आणि चाऱ्याचें शास्त्र
(दुष्काळ निवारण मंडळाच्या साहाय्यकांच्या सभेंत झालेलें भाषण)



दुष्काळ पडला म्हणजे माणसाच्या पोटाची चिंता प्रथम वाहिली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु भुकेलेला माणूस बोलूं शकतो, काम शोधतो, गांव सोडून जातो. दावणीला बांधलेल्या जनावरास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. त्याचा धनी जें पुढें टाकील तें खावें, नाहींतर उपाशी उभें राहावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंत गुरांचा केवढा संहार झाला, हें इतिहासांत नमूद आहे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळांत माणसांसाठीं कामें निघालीं, पण दावणी मात्र ओस पडल्या. २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षीं ठिकठिकाणीं चारा छावण्या उघडाव्या लागल्या. म्हसवड येथें माण देशी फाउंडेशनसारख्या संस्थेनेंही छावणी चालविली, आणि हजारों जनावरें आपल्या धन्यांसह तेथें राहिलीं.

कोणी म्हणेल, आतां नांगरट ट्रॅक्टरनें होते, मग गुरांची एवढी काळजी कशास? सद्गृहस्थहो, कोरडवाहू गांवांत पीक बुडाल्यावर घरांत जो पैसा येतो तो बहुधा दुधाचाच. टंचाईंत गाय मिळेल त्या भावानें विकली जाते, आणि पाऊस पडल्यावर तशीच गाय घेण्यासाठीं कर्ज काढावें लागतें. म्हणजे दुष्काळ संपतो, पण त्या कुटुंबाचा दुष्काळ संपत नाहीं. शिवाय माणदेशची खिल्लार जात कित्येक पिढ्यांच्या निवडीनें तयार झालेली आहे. तें वाण एकदां मोडलें, तर पुढें कितीही द्रव्य ओतलें तरी परत मिळावयाचें नाहीं.

हें टाळण्याचें शास्त्र आपल्याजवळच आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ सालीं स्थापन झालें. झांशी येथील भारतीय गवत व चारा संशोधन संस्था त्याच्याही आधींची, १९६२ ची. चारातज्ज्ञाचें काम दुहेरी असतें. कोणतें गवत थोड्या पाण्यांत अधिक पाला देईल हें तो शेतांत पाहतो, आणि तें गवत जनावराच्या अंगीं कितपत लागतें हें गोठ्यांत पाहतो. राहुरीच्या या कामांतून ‘यशवंत’ व ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियर गवताचे वाण, ‘फुले अमृता’ ही चाऱ्याची ज्वारी आणि ‘आर. एल. ८८’ ही लसूणघास शेतकऱ्यांस मिळाली. परंतु आज मला वाणांपेक्षां हिशेबाविषयीं बोलावयाचें आहे. कारण आपण हिशेब जाणणारे आहां.

साधारण ४०० किलो वजनाच्या गाईस पाण्याचा अंश वगळून रोज सुमारें १० किलो चारा लागतो. हिरव्या चाऱ्यांत तीन चतुर्थांश पाणीच असतें. म्हणून २० किलो हिरवा चारा घातला तरी त्यांतून ५ किलोच खरा आहार मिळतो. उरलेल्या ५ किलोंसाठीं कडबा पाहिजे. फाल्गुनापासून आषाढापर्यंतचे १२० दिवस धरले, तर एका गाईच्या पोटांत ६ क्विंटल आणि १०० गाईंच्या पोटांत ६०० क्विंटल कडबा गेला पाहिजे. आतां अखंड पेंढी पुढें टाकली, तर जनावर पाला खातें आणि ताटें पायांखालीं तुडवितें; तिसरा हिस्सा वायां जातो. म्हणजे ६०० क्विंटल पोटांत जाण्यासाठीं ९०० क्विंटल विकत घ्यावा लागतो. तोच कडबा कडबाकुट्टीवर बारीक करून घातला, तर बहुतेक सर्व खाल्ला जातो. जे ३०० क्विंटल वांचले, ते आपल्याच देणगीचे वांचले, हें लक्षांत घ्यावें.

दुसरी गोष्ट निकस चाऱ्याची. गव्हाचें काड व भाताचा पेंढा यांत कस थोडा. १०० किलो काडावर ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपडावा, थर दाबून तें हवाबंद झांकावें आणि २१ दिवसांनीं उघडावें. काड मऊ होतें, त्यांतील प्रथिनांचा अंश वाढतो. घालण्यापूर्वीं तें पसरून उग्र वास जाऊं द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांस हा चारा देऊं नये, आणि युरियाचें पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडीं लागूं देऊं नये. त्यानें जनावर दगावतें.

तिसरी गोष्ट उसाच्या वाढ्याची. टंचाईंत हाच चारा सर्वांत आधीं मिळतो, म्हणून गाड्याच्या गाड्या भरून येतो. परंतु वाढ्यांत ऑक्झॅलेट असतें, आणि तें शरीरांतील चुना बांधून टाकतें. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर राखलेली गाय जगते खरी, पण दूध आटतें आणि ती वेळेवर गाभण राहत नाहीं. यासाठीं वाढ्यासोबत दुसरा चारा असावा, आणि रोज सुमारें ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावें. तसेंच पाण्यावांचून खुरटलेली कोंवळी ज्वारी गुरांस चारूं नये. तिच्यांत तीव्र विष उत्पन्न होतें.

या सर्वांहून मोठा उपाय म्हणजे सुकाळांतच साठा करणें. मका कणसांतील दाणा चिकांत असतांना कापावा, कुट्टी करून खड्ड्यांत दाबून भरावा आणि वारा न शिरेल असा झांकावा. दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो, आणि हवा लागली नाहीं तर वर्षभर टिकतो. दहा फूट लांब, पांच फूट रुंद व पांच फूट खोल खड्ड्यांत सुमारें ३५ ते ४० क्विंटल मुरघास मावतो. रोज २० किलोप्रमाणें दोन गाईंची तीन महिन्यांची हिरव्या चाऱ्याची सोय तेवढ्यांत होते.

जेथें विहिरीला पाणी आहे तेथें नेपियर लावावा. तीन-चार गुंठ्यांत एका गाईचा हिरवा चारा निघतो. परंतु पाण्यावांचून नेपियर उभा राहत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. माळरानासाठीं मारवेल, पवना, अंजन हीं गवतें आणि स्टायलो हें द्विदल पीक योग्य. तें वाढावयाचें, तर मोकाट चराई बंद ठेवून कापून नेण्याची शिस्त लागते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें अशी चराईबंदी पाळून माळावर गवत उभें केलें, हें आपणांस ठाऊकच आहे.

आतां आपणांस विनंती. व्यापारी बंधूंनीं ज्या भागांत ज्वारी पिकली असेल तेथून सुगींतच कडबा घेऊन मंडळाच्या गंजीस लावावा. चैत्र-वैशाखांत तोच माल महागतो आणि गाडीभाडेंही वाढतें. जमीनदार सद्गृहस्थांनीं विहिरीखालील एखादा एकर बेण्यासाठीं द्यावा, म्हणजे आसपासच्या गांवांस नेपियरचे ठोंब विनामूल्य वांटतां येतील. आणि आपल्या पडीक माळावर दोन पावसाळे चराई बंद ठेवावी. ज्यांना रोख द्यावयाचें आहे त्यांनीं तें कडबाकुट्टी, मुरघासाचे कागद, बियाणें आणि क्षारमिश्रण यांच्या नांवें द्यावें.

छावणीस दिलेलें दान पुण्यप्रद आहेच, आणि ज्या वर्षीं आकाश फिरेल त्या वर्षीं तें द्यावेंच लागेल. परंतु तीच रक्कम दिवाळीच्या आंत हातीं आली, तर तिच्यांतून कितीतरी अधिक दावणी भरलेल्या राहतील. खरीप गेला कीं राहिला, हें तोंवर प्रत्येक गांवास कळलेलें असतें. त्यानंतर वाट पाहण्यांत जे दिवस जातात, त्यांची किंमत मुक्या जनावरांस मोजावी लागते. ती त्यांच्यावर येऊं न देणें आपल्या हातीं आहे, एवढें नम्रपणें निवेदन करून मी आपली रजा घेतो.