तिकिटावरचे अडीच तास

आम्ही देऊळघाटच्या बचत गटाच्या बायका बोलतोय.

आमच्या गटातल्या एक चाची उमराहला निघाल्यात. तिकिटावर मुंबईहून सकाळी 10 ला निघणं, जेद्दाहला 12.30 ला पोचणं. “अडीचच तास? एसटीनं मलकापूर करून येण्याइतकंच की!” सगळ्या म्हणाल्या. पण चाचींना शुगर आहे, गोळी-जेवण वेळेवर लागतं. म्हणून हिशोबाला बसलो.

मुंबई ते जेद्दाह हवेतलं सरळ अंतर साधारण 3500 किलोमीटर. विमानाच्या वाटेत काही आपला राजूर घाट नाही. ते तासाला 800 किलोमीटर धरा. 3500 भागिले 800, म्हणजे जवळपास साडेचार तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, झाले पाच.

मग अडीच कुठून आले? जेद्दाहचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, आणि तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. येताना उलटं, तिकिटावर सात-साडेसात तास दिसतील.

संभाजीनगर-मुंबई याच रीतीनं काढा: 280 किलोमीटर, वीस मिनिटं, अधिक अर्धा तास.

खरा लांबचा पल्ला देऊळघाट ते मुंबईचाच! त्यात विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं.

गोळीची वेळ चाचींनी डॉक्टरांना विचारून घेतली. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवली, मोठ्या बॅगेत नाही. पोराला सांगितलं, साडेबाराला घाबरू नको, फोन आपल्या तीननंतर येईल.