परीक्षा होऊ द्या, मग बघू!

जानेवारी उजाडला की आमच्या ओपीडीत आईवडील खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, दहावीचं वर्ष आहे. परीक्षा होऊ द्या, मग बघू." आज माझं भांडण या 'मग बघू'शी आहे.

कौलारू घरात राहिलेल्यांना माहीत आहे. एखादं कौल सरकतं, थेंब टपकू लागतात. आपण खाली पातेलं ठेवतो, खाट भिंतीकडे ओढतो. भागतं तेवढ्यावर. वर वासा मात्र भिजत राहतो. मुलांच्या बाबतीत हेच चालतं. चिडचिड वाढली, क्लास बदला. डबा अर्धा परत आला, भाजी बदला. मित्र खालून हाका मारतात आणि हा खिडकीतही येत नाही, म्हणजे स्वारी अभ्यासाला लागली! अहो, ही सगळी पातेली झाली. वर चढून कौल कोण बघणार?

मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या १४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. उपचार मात्र कित्येक वर्षांनी, वासा कुजल्यावर. "वयच तसलं आहे" म्हणता? दोन दिवसांच्या रुसव्याला खुशाल म्हणा. पण झोप, भूक, अभ्यास, मित्र यांची घडी दोन आठवडे विस्कटलेलीच राहिली, तर थांबू नका. सुरुवातीला पुष्कळदा नुसत्या बोलण्यानं भागतं, गोळीही लागत नाही.

आणखी एक. "तुला जगणं नकोसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोर मोकळं होतं. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी घेऊन या. त्याच दिवशी, बरं का. परीक्षेनंतर नाही.

"मुलीचं नाव कागदावर नको, उद्या लग्न जमवायचंय," असं आया कुजबुजतात. अहो, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे. जिल्हा रुग्णालयात यायला संकोच वाटत असेल, तर 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा: १४४१६. ऑक्टोबर २०२२पासून ही सेवा सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा.

शिक्षकांशीही बोलायचं होतं, मागच्या बाकावरच्या गप्प मुलांबद्दल... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपली. नंबर लिहून घ्या, एक चार चार एक सहा. आणि परीक्षेच्या आधी लावा.