टोला कुठे चुकतो?

विटीदांडू खेळला नाही असा माणूस आपल्यात विरळाच. आता जरा आठवून पाहा. तुमच्या आळीत ज्याचा टोला सर्वांत लांब जायचा, तो मुलगा अंगापिंडाने सर्वांत दांडगा होता काय? बहुतेकदा नसे. एखादे किडकिडीत पोर असे, आणि विटी मात्र थेट देवळामागे नेऊन टाकी. त्याला विचारावे, बाबा रे, हे तू कसे करतोस, तर तो पुन्हा एक टोला मारून दाखवी. त्याला सांगता येत नसे आणि आपल्याला पाहून कळत नसे. आज मला बोलावयाचे आहे ते याच अडचणीविषयी. टोला इतक्या झटक्यात होऊन जातो की मारणाऱ्याला तो सांगता येत नाही आणि शिकवणाऱ्याला तो दिसत नाही.

मी कल्याण-डोंबिवलीकडे व्यायामशिक्षक म्हणून काम केले आणि मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवला. हा खेळ पुष्कळांच्या परिचयाचा नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा आवळून त्याचा चेंडू केला, हातात एक काठी घेतली आणि बंद खोलीतच खेळ सुरू केला. तिथून याचा जन्म. आज त्याच्या चेंडूचा घेर १२ इंच असतो, म्हणजे चांगल्या मोठ्या मोसंब्याएवढा. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो हात खालून फिरवून चेंडू सोडतो, आणि क्रिकेटसारखा टप्पा पडण्याची वाट न पाहता तो हवेतच टोलवायचा असतो. बॅट गोल, मुसळासारखी. आपल्या राज्यात जळगाव, अमरावती या भागांत हा खेळ अनेक वर्षे खेळला जातो आणि शालेय क्रीडास्पर्धांतही त्याला स्थान आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शाळाही आपले संघ उतरवतात. मैदान मोठे असो वा लहान, चार गोण्या टाकून तळ आखले की काम भागते.

आता थोडे गणित करू. गणिताला भिऊ नका, हे तोंडी होण्यासारखे आहे. मुलींच्या मोठ्या गटात पिचर उभी असते ४३ फुटांवर. ती पुढे पाऊल टाकून चेंडू सोडते, म्हणून चेंडूला प्रत्यक्षात सुमारे ११ मीटर जावे लागते. चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर तो सेकंदाच्या चार दशांशांत येऊन पोचतो. पुरुषांच्या बेसबॉलमध्ये अंतर साठ फूट सहा इंच. पण तिथे वेग ताशी १४५ किलोमीटरच्या घरात जातो, आणि हिशोब केला तर वेळ तेवढाच! शाळेतल्या मुलींचा वेग पुष्कळ कमी, तरी अर्ध्या सेकंदाहून फार अधिक मिळत नाही. त्यातला बराच वेळ चेंडू ओळखण्यात जातो. प्रत्यक्ष बॅट पुढे निघाल्यापासून चेंडूला भिडेपर्यंत सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा. आणि बॅट-चेंडूची गाठ? ती एक हजारांश सेकंदाची.

एवढ्या वेळात माणसाच्या डोळ्याला काय दिसणार? तरी आम्ही शिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून छातीठोकपणे सांगत असतो: तू डोळे मिटलेस, तू मान उचललीस, तुझे कोपर खाली आले! खरे सांगू? त्यातले निम्मे आम्ही पाहिलेले नसते. चेंडू कुठे गेला ते पाहून आम्ही मागचे सारे मनाने रचतो.

डोळ्याची ही मर्यादा फार पूर्वी ध्यानात आली होती. घोडा दौडताना त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, या वादाचा निकाल लावण्यासाठी मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने बारा कॅमेरे मांडले. पाय सुटतात, असे निघाले. पुढे १८८७ साली त्याने प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींची शेकडो चित्रे छापली. त्यांत बेसबॉलची बॅट फिरवणारा खेळाडूही आहे. आपल्याकडे सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये चित्रित केली ती कुस्तीच. भारतातले सुरुवातीचे चलच्चित्र खेळाचे होते, ही गोष्ट मला फार आवडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन टिपली आणि दिवसच्या दिवस चाललेले काम लोकांना मिनिटभरात दाखवले. आपल्याला करावयाचे आहे ते नेमके उलटे. क्षणाचे काम लांबवून पाहावयाचे. आणि त्यासाठी लागणारे यंत्र आज पुष्कळांच्या खिशात आहे.

नेहमीच्या चित्रणात मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. म्हणजे सगळा टोला चार-पाच चित्रांत आटोपला. शाळेतल्या मुलीच्या बॅटचे टोक ताशी ७२ किलोमीटरने फिरते असे धरा; एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते दोन फुटांवर सरकलेले असते. चूक नेमकी त्या दोन फुटांत दडली तर? पण पुष्कळ फोनमध्ये स्लो मोशन नावाची सोय असते. तिथे सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे मिळतात. २४० घेतली तर त्याच टोल्याची छत्तीस चित्रे होतात आणि बॅटचे टोक दर चित्राला फक्त ८ सेंटिमीटर पुढे जाते. एवढे आपल्याला पुरे आहे.

हे मी कसा शिकलो ते सांगतो. चौदा वर्षांखालच्या संघात एक मुलगी होती. धावण्यात चपळ, चेंडू अडवण्यात पहिल्या क्रमांकाची. पण बॅट हाती आली की चेंडू एकतर निसटायचा किंवा मागे उंच उडून झेल जायचा. मी ठरवून टाकले की ही चेंडूला भिते. भिते म्हणून मागे झुकते आणि डोळे मिटते. "अगं, भितेस काय अशी?" असे मी तिला चारचौघांत किती वेळा म्हणालो असेन! ती काही बोलत नसे. संघाची यादी देण्याचे दिवस आले तेव्हा तिचे नाव गाळण्याचे मी मनात पक्के केले होते.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पालकाने हौसेने मैदानावर चित्रण केले आणि मला पाठवले. संध्याकाळी डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत सुदैवाने बसायला जागा मिळाली. फोन काढला आणि ती चित्रफीत बोटाने एकेक चित्र पुढे सरकवत पाहू लागलो. मुंब्रा येईपर्यंत मी ती दहा वेळा पाहिली असेल. मुलीचे डोळे टक्क उघडे होते. मान जागच्या जागी. पुढचे पाऊल वेळेवर पडत होते, कंबरही वेळेवर वळत होती. पण हात पुढे निघाले की बॅटचे टोक मनगटाच्या खाली लोंबत होते, घागर उचलताना हात ओढला जावा तसे. ते सावरण्यासाठी बिचारी पाठ मागे टाकत होती. बॅट येई ती उशिरा आणि चेंडूच्या खालून. भीतीचा तिथे मागमूस नव्हता. बॅट तिला जड होती, एवढेच!

शाळेत बॅट होती एकच, ३४ इंचांची. नियमाने याहून लांब बॅट चालतच नाही. ती मोठ्या मुलांसाठी घेतलेली. बारा वर्षांच्या पोरीच्या हाती ती दिली होती मी, आणि भित्री ठरली ती.

दुसऱ्या दिवशी मी तिला मुठीचे टोक सोडून बॅट चार बोटे वर धरायला सांगितले. खर्च काही नाही. बॅट जणू चार बोटे आखूड झाली आणि टोकाचे ओझे हलके झाले. पुन्हा चित्रण केले, तेव्हा टोक मनगटाच्या बरोबरीने येत होते.

आता मुरबाड-शहापूरकडच्या किंवा आणखी कुठल्याही गुरुजींना, बाईंना हे करून पाहावयाचे असेल तर काही गोष्टी सांगतो. फोन हातात धरू नका. खुर्चीवर विटा रचा, त्यांच्या फटीत फोन उभा करा आणि तो मुलाच्या कमरेच्या उंचीवर येईल असे पाहा. एक चित्रण मुलाच्या छातीसमोरून, आडवे; दुसरे मागून, जाळीच्या आड. समोरून घ्यायचे तर पुरेसे लांब, आणि फोनजवळ कोणीही उभे राहू नये. हातातून सुटलेली बॅट फोनही फोडते आणि डोकेही. ऊन भरपूर हवे. चित्र जितके झटपट घ्यायचे तितका उजेड कमी मिळतो, म्हणून पावसाळी आभाळाखाली सगळे धूसर येते. सूर्य फोनच्या पाठीशी ठेवा. सभागृहात दिव्यांखाली घेतले तर चित्र लुकलुकते, त्यात फोनचा दोष नसतो. आणि बॅट चेंडूला भिडल्याचे चित्र मिळाले नाही म्हणून हिरमुसू नका. हजारांश सेकंदाची ती भेट दोन चित्रांच्या मधल्या फटीत निसटून जाते.

चेंडू टांगून किंवा खुंटीवर ठेवून टोले मारण्याचा सराव चांगला, पण त्याच्या चित्रणावरून निर्णय करू नये. थांबलेला चेंडू कोणालाही उशीर करत नाही. चूक दिसते ती टाकलेल्या चेंडूवर. पाचच टोले टिपा. मग पुढचे पाऊल टेकल्याचे चित्र शोधा आणि तिथे थांबा. त्या क्षणी कंबर वळू लागलेली आणि हात अजून मागेच असावेत. भाताची झोडणी करणारा माणूस आठवा. तो पेंढी हाताने आपटत नाही. पाय रोवतो, कंबर वळते, आणि हात मागाहून येतात. लाकूड फोडणाराही तसाच. खेड्यातल्या मुलाला हे एकदा दाखवले की पुस्तकातले दहा परिच्छेद वाचतात.

चित्रफीत दाखवताना आधी मुलाला विचारा, "तुला काय दिसतं?" पुष्कळदा तो आपल्या आधी सांगतो. एका वेळी एकच दोष हाती घ्या. पाच दाखवलेत तर पोर उभे राहायलाच विसरेल. परदेशी नामांकित खेळाडूची चित्रफीत शेजारी ठेवून, बघ तो कसा मारतो, असेही करू नये. त्याची उंची वेगळी, बॅट वेगळी. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. मुलांची, विशेषतः मुलींची चित्रणे आईवडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि काम झाले की पुसून टाकावीत. ती शाळेच्या ग्रुपवर फिरता कामा नयेत.

कॅमेरा मुलांचाच दोष दाखवतो असेही नाही. "चेंडू बॅटला लागेपर्यंत पाहत राहा" हे आमचे आवडते वाक्य. बाहिल आणि लारिट्झ या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की वेगवान चेंडू शेवटच्या काही फुटांत कसलेल्या खेळाडूच्याही नजरेतून सुटतो. मग शाळकरी मुलाला आम्ही कशासाठी दटावत होतो?

दुसरा प्रसंग माझाच. त्या मुलीने एके दिवशी फोन हातात घेतला आणि म्हणाली, "सर, आता तुमचा काढू?" नाही कसे म्हणणार? मी ऐटीत दोन टोले मारले. मग सगळी मुले फोनभोवती गोळा झाली. वर्षानुवर्षे मी ओरडत आलो होतो: मागचे कोपर वर, वर! आणि चित्रात माझे कोपर टोल्याच्या वेळी बरगडीला चिकटून खाली आलेले! मुले हसली, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. नंतर पाहिले, तेव्हा चांगल्या खेळाडूंचेही कोपर तसेच खाली येते. कोपर वर असावे ते उभे राहताना, आणि तेही ज्याला सोयीचे वाटेल त्याने. बॅट फिरताना ते वर ठेवायचे म्हणजे स्वतःच्याच हाताला अडवायचे. किती मुलांना मी असे अडवले असेल, त्याचा हिशोब कुठल्याच चित्रफितीत नाही.

ती मुलगी संघात राहिली. पहिल्या सामन्यात ती तीन वेळा बॅट घेऊन उभी राहिली. पहिल्यांदा चेंडू निसटला, दुसऱ्यांदा झेल गेला. तिसऱ्या वेळी तिने बॅट आणखी एक बोटभर वर धरली; ते मी सांगितले नव्हते. चेंडू दोघींच्या मधून गवतात गेला आणि ती दुसऱ्या तळावर जाऊन उभी राहिली. तो टोला टिपायला तेव्हा कोणी फोन लावलेला नव्हता.