पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब



इंजिनीअरिंग कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. त्यातलं बरंचसं ‘एम-थ्री’. ज्यांच्या घरात कुणी इंजिनीअरिंगला आहे किंवा होतं, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. दुसऱ्या वर्षाचा हा गणिताचा पेपर काही मुलांच्या मानगुटीवर बसतो तो शेवटच्या वर्षापर्यंत उतरत नाही. त्यामुळे ‘मॅडम, मला इंजिनीअरिंग सोडायचंय’ असं सांगायला जी मुलं माझ्या टेबलापाशी येत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दुःखाला माझाही थोडा हातभार असायचा.

ही मुलं पहिल्या वर्षी क्वचित येत. पहिल्या वर्षी प्रत्येकाला वाटतं, पुढे जमेल. येत ती तिसऱ्या वर्षाला. तोवर घरच्यांनी तीन वर्षांची फी भरलेली असते, मित्र प्लेसमेंटच्या तयारीला लागलेले असतात आणि याला नेमकं आत्ता कळलेलं असतं की आपलं मन इथे नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अशीच एक मुलगी आठवते. मेकॅनिकलची, पाचव्या सेमिस्टरला. एम-थ्री राहिलेला, एटीकेटीवर पुढे आलेली. बरोबर वडील होते, पहाटेच्या एसटीने आलेले. नाव काढण्याचा अर्ज तिने लिहूनच आणला होता, फक्त तारीख टाकायची बाकी ठेवली होती. तिला वकील व्हायचं होतं. वडिलांचा जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात कित्येक वर्षं चालला होता आणि शाळेत असल्यापासून ती त्यांच्याबरोबर तारखांना जायची.

वडील म्हणाले, “मॅडम, तीन वर्षांची फी पाण्यात घालायची का?”

मुलगी म्हणाली, “आणि जे करायचंच नाही त्यात आणखी दीड वर्ष कशाला घालवायचं?”

दोघांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटत होतं, आणि माझ्या मते दोघंही चुकत होते. वडिलांचं चुकत होतं, कारण भरलेली फी मुलगी राहिली तरी परत येणार नव्हती आणि गेली तरी नव्हती. जे दोन्हीकडे सारखंच आहे ते हिशेबात धरायचं नसतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तेच पद असलं की ते खोडतात, हे आपण आठवीतल्या मुलाला शिकवतो. घरात मात्र ते पद कुणी खोडत नाही.

मुलीचं काय चुकत होतं ते सांगायला मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेचा पाठकोरा कागद घेतला. बारावीनंतर वकील व्हायचे दोन रस्ते आहेत. एक, थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरा, कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा एलएल.बी. तिने तेव्हा नाव काढलं असतं तरी पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश पुढच्या जूनलाच. म्हणजे गेलेली तीन आणि पुढची पाच, आठ वर्षं. इंजिनीअरिंग पुरं केलं तर चार आणि तीन, सात. जी दीड वर्षं तिला फुकट जाणार असं वाटत होतं, त्यांच्यामुळेच तिचं एक वर्ष वाचत होतं. कागद तिने बराच वेळ हातात धरला. मग तिने दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या. एम-थ्रीत इतकी काळजी घेतली असती तर, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण मी बोलले नाही.

श्रोतेहो, मला आज एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. उशिरा वाट बदलायची झाली की मुलं स्वतःला विचारतात, ‘माझी आवड कशात आहे?’ प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आधी एक रूक्ष प्रश्न विचारायला हवा. मला जिथे जायचंय, त्या दारावर ‘पदवी’ मागतात, की ‘तीच पदवी’ मागतात?

एमबीए, तीन वर्षांचा एलएल.बी., यूपीएससीची नागरी सेवा आणि एमपीएससीची राज्यसेवा, इथे पदवी चालते, ती कशातली हे विचारत नाहीत.  अशा ठिकाणी निघालेल्याने तिसऱ्या वर्षी पदवी सोडणं म्हणजे पुलाचं शेवटचं टोक दिसत असताना परत फिरून नदीत उतरणं. हातातली पदवी कधी वेगळंच दारही उघडते. पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसत्या बी.ए., एलएल.बी.ला ती परीक्षा देता येत नाही.

पण ॲलोपॅथीचा डॉक्टर व्हायचं असेल तर एमबीबीएसच लागतं. आर्किटेक्टचंही तसंच. १९७२ च्या कायद्याने नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी वास्तुशास्त्राचंच पाच वर्षांचं शिक्षण लागतं. माझा एक विद्यार्थी होता, कॉम्प्युटरचा, सगळे विषय सुटलेले. वहीच्या मागच्या पानांवर जिने काढायचा. त्याच्यासाठी तोच हिशेब मांडला: आत्ता सोडलं तर तीन आणि पाच, आठ. पुरं केलं तर चार आणि पाच, नऊ. इथे थांबण्यात फायदा नव्हता. त्याने तिसरं वर्ष संपवलं, आर्किटेक्चरच्या प्रवेशाची ‘नाटा’ परीक्षा दिली आणि गेला. नव्या वर्गात त्याला सगळे ‘काका’ म्हणायचे. त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

पास होणाऱ्या मुलाला मी ‘जा’ म्हटलं आणि एम-थ्रीत अडकलेल्या मुलीला ‘थांब’, याचं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांना नवल वाटलं होतं. पण केटी राहिली म्हणून जायचं आणि सगळे विषय सुटलेत म्हणून राहायचं, असा नियम कुठे आहे?

मुलं हमखास मोठ्यांचे दाखले देतात. ‘डॉ. श्रीराम लागूंनी नाही का डॉक्टरकी सोडली?’ सोडली. पण शिक्षण अर्धवट सोडून नव्हे. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले, पुण्यात आणि आफ्रिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ झाले, अनिल अवचट एमबीबीएस झाले, मग आपापल्या वाटेला लागले. अर्ध्यावर सोडून मोठे झालेलेही आहेतच. पण अर्ध्यावर सोडून काहीच न झालेल्यांची मुलाखत कुणी घेत नाही, हे लक्षात ठेवावं.

आता थोडी कामाची माहिती. एक सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही, ही अट आता राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक पदवी कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येते. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नवा विषय खरंच झेपतो आणि आवडतो का, हे जुनी खुर्ची न सोडता बघता येतं.

दुसरं, श्रेयांक बँक. मिळवलेले क्रेडिट या बँकेत जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्यामुळे ‘माझी तीन वर्षं जमा आहेत’ असं मुलांना वाटतं. जमा आहेत, पण ती कुठे चालतील हे नवं विद्यापीठ ठरवतं. थर्मोडायनॅमिक्सचे क्रेडिट इतिहासाच्या मुख्य विषयात कसे धरतील? म्हणून आपले किती क्रेडिट धरणार, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्यावं. शिष्यवृत्ती असेल तर एका पदवीवरून दुसऱ्या पदवीकडे गेल्यावर ती चालू राहते का, आणि शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ते कधीपासून सुरू होतात, हेही अर्ज देण्याआधी विचारावं. नंतर विचारलं की उत्तर तेच मिळतं, पण उपयोग नसतो.

आणि जिथे जायचंय ते ठिकाण जवळून बघावं. त्या मुलीला मी म्हटलं होतं, “तू कोर्टाचा व्हरांडा पाहिलायस. आत जाऊन बस.” खुल्या न्यायालयात मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. कॉलेजला सुट्टी आणि कोर्ट चालू अशा दिवशी ती जाऊन बसली. परत आल्यावर म्हणाली, “मॅडम, सकाळपासून नुसत्या तारखा पडत होत्या. कंटाळा आला. पण जेवणानंतर एक उलटतपासणी झाली. ती अर्धी राहिली म्हणून मी पुढच्या तारखेलाही गेले.” कंटाळा आल्यावरही जी पुन्हा गेली, तिच्या आवडीबद्दल मला मग शंका राहिली नाही. एम-थ्री तिने तिसऱ्या प्रयत्नात सोडवला, तोही काठावर. पदवी घेतली आणि लॉच्या सीईटीला बसली.

एका बाबतीत मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. मुलाची झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, खोलीचं दार आतून बंद राहू लागलं असेल, तर सात आणि आठची बेरीज मांडत बसू नका. आधी मूल, मग पदवी. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. वर्ष वाया गेलं तर ते पुन्हा करता येतं.

त्या दिवशी निघताना मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, “मॅडम, गावात काय सांगू?” मी तोच पाठकोरा कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर फीचा रकाना होता, वर्षांचा होता, परीक्षांचा होता. गावाचा नव्हता.

तुमच्या घरात असा अर्ज लिहून तयार असेल, तर त्यावर तारीख टाकण्याआधी एक संध्याकाळ काढा. टीव्ही बंद करा, एक पाठकोरा कागद घ्या आणि मुलाच्या शेजारी बसा. पेन मात्र मुलाच्या हातात द्या.