चावा आणि मेंदू यांमधले दिवस



डॉक्टरांच्या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभरातल्या नव्या औषधोपचारांचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडची पद्धत आहे. आज मी एकाच आजाराबद्दल बोलणार आहे. तो आपल्या दवाखान्याच्या पायरीवर थांबवता येतो आणि तरीही माणसं त्याने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं जातात. त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे.

कुत्रा चावला की लाळेतला विषाणू स्नायूत उतरतो. स्नायू आणि चेतातंतू जिथे जुळतात, तिथून तो तंतूत शिरतो आणि पाठीच्या कण्यातून मेंदूकडे सरकू लागतो; दिवसाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. हा प्रवास रक्तातून होत नाही, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा फार उशिरा लागतो. या काळात ताप नाही, रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही, जखमही भरून येते आणि घरचे निर्धास्त होतात. हा काळ बहुधा एक ते तीन महिन्यांचा. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर मात्र मुदत कमी. लहान मुलांची उंचीच अशी असते की कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या चेहऱ्याशी येतं.

विषाणू मेंदूत पोचला की काय होतं, हे ज्यांनी वॉर्डात पाहिलंय ते विसरू शकत नाहीत. भरलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येतात. मग तहान लागते. रुग्ण स्वतः पेला हातात घेतो, त्याला पाणी हवंच असतं. पण पेला ओठांजवळ येताच घशाचे आणि श्वासाचे स्नायू आखडतात, मान मागे फेकली जाते, पाणी सांडतं. पुढे पाणी दिसलं, पंख्याचा वारा अंगावर आला, तरी तोच झटका. आणि दोन झटक्यांच्या मध्ये हा माणूस शुद्धीवर असतो, घरच्यांना ओळखतो, मुलांची चौकशी करतो. मला सगळ्यात असह्य वाटतं ते हे.

त्याच सुमारास विषाणू मेंदूतून लाळग्रंथींकडे उतरतो. कुत्र्यातही हेच घडतं: गिळणं बंद, म्हणून लाळ तोंडातच साठते आणि पिसाळलेलं जनावर दिसेल त्याला चावत सुटतं. विषाणू पुढच्या शरीरात जातो तो असा. काही रुग्णांत पाण्याची भीती दिसतच नाही, नुसता लकवा चढत जातो आणि निदान चुकतं. लक्षणं दिसू लागल्यावर वाचलेली माणसं जगभरात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

पण विषाणूचा हा संथपणाच आपल्या कामी येतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली गेली, ती चावा झाल्यानंतर. विषाणू वाटेत असतानाच शरीर तयार करता येतं, हे तत्त्व आजही आपल्या हाती आहे.

मग माणसं का मरतात? जखमेवर मिरचीपूड, चुना, तंबाखू भरतात म्हणून. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून गेलेली नाही म्हणून. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ नंतर बनतच नाही. आता लस दंडात किंवा त्वचेत देतात, हे किती घरांत ठाऊक आहे?

आणि काही वेळा आपल्यामुळे. आपण धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, टाका घालतो, चिठ्ठी देऊन तालुक्याला पाठवतो. जखम कुणी धुतच नाही. या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं हाच पहिला उपचार. लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर किंवा अधिक लागतो. तोवर खोल, रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, सोडावंच लागतं. ते नुसतं कमरेत देऊन भागत नाही. जखमेत आणि तिच्याभोवती भरायचं असतं. हे वगळणं मला अक्षम्य वाटतं.

कुत्र्यांचं लसीकरण हा मूळचा इलाज. शेजारच्या गोव्याने तो नेटाने केला आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून नाव मिळवलं. आपल्या नगरपालिकांकडे आणि ग्रामपंचायतींकडे आपण डॉक्टरांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर एवढं करा. उद्या दवाखाना उघडाल तेव्हा बेसिनपाशी साबणाची वडी ठेवा. चिठ्ठी लिहिण्याआधी जखम स्वतः धुवा, कंपाउंडरलाही शिकवा. आणि लसीच्या पुढच्या डोसाला रुग्ण आला नाही, तर त्याच्या घरी फोन करा.